दाइसेन कोफुनला जायचं का? ओसाका-नारामधल्या प्राचीन दफनटेकड्या कशा बघाव्यात

प्रश्न असा आहे: ओसाकात दोन दिवस मोकळे आहेत. जवळच साकाई शहरात जपानमधली सर्वांत मोठी प्राचीन दफनटेकडी, म्हणजे दाइसेन कोफुन आहे. ती बघायची इच्छा आहे, पण जाऊन आलेले लोक म्हणतात की तिथे खंदक आणि झाडी सोडून काही दिसत नाही. मग जावं का? आत जाता येतं का? नाही तर दुसरं काय बघावं?

जावं, पण सुरुवात तिथून करू नये. पहिलाच कोफुन म्हणून दाइसेन बघणारे बहुतेक जण वीस मिनिटांत परत फिरतात. दोष त्यांचा नाही. काय बघायचं हे आधी कळल्याशिवाय ती टेकडी दिसतच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मूळ रूपात पुन्हा उभी केलेली टेकडी, मग दाइसेन आणि शेवटी प्रत्यक्ष दगडी दफनकक्षात पाऊल. दोन दिवसांत हे तिन्ही जमतं.

थोडी पार्श्वभूमी आधी. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून सातव्या शतकापर्यंत जपानमधल्या सत्ताधाऱ्यांसाठी मातीच्या टेकड्या रचून त्यांत दफन केलं जाई. त्या टेकड्या म्हणजे कोफुन. देशभरात त्या सुमारे १ लाख ६० हजार आहेत, बहुतेक लहान आणि गोल. सर्वांत मोठ्या टेकड्यांचा आकार मात्र खास आहे: मागे गोल, पुढे चौकोनी, वरून पाहिलं तर कुलपातल्या किल्लीच्या भोकासारखा. मृताला मुख्यतः मागच्या गोल भागात, माथ्याजवळ ठेवत. पुढचा चौकोनी भाग मुळात वर चढायच्या वाटेतून वाढत गेला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की या टेकड्यांवर मुळात झाडं नव्हतीच. उतार पायऱ्यांसारख्या टप्प्यांत कापलेले, त्यांवर गोटे बसवलेले (त्यांना फुकिइशि म्हणतात) आणि प्रत्येक टप्प्याच्या कडेने भाजक्या मातीच्या नळकांड्या ओळीने रोवलेल्या. या नळकांड्या म्हणजे हानिवा. पुढे घरं, घोडे, योद्धे, पुरोहित स्त्रिया अशा आकारांच्या हानिवाही घडवल्या गेल्या. थोडक्यात, उन्हात चकाकणारा, कडा कोरलेला दगडी डोंगर लांबून दिसावा अशी रचना होती. आज दिसणारी गर्द झाडी नंतरच्या शतकांत वाढलेली आहे.

म्हणून पहिल्या दिवशी सकाळी कोबे शहरातल्या तारुमी भागात गोशिकिझुका बघा. ओसाका स्थानकावरून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) कोबे मार्गावर तारुमीपर्यंत पाऊण ते एक तास लागतो. इथे गाडीचा प्रकार नीट बघून चढा. सर्वांत वेगवान ‘शिनकाइसोकु’ तारुमीला थांबत नाही, ‘काइसोकु’ थांबते. स्थानकावरून दहा-पंधरा मिनिटं पायी. प्रवेश मोफत आहे.

ही टेकडी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातली, १९४ मीटर लांब. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत तिचं उत्खनन करून ती मूळ रूपात पुन्हा उभी केली. गोटे बसवले, कडेने हानिवाच्या प्रतिकृती उभ्या केल्या. मूळ टेकडीवर सुमारे २२ लाख गोटे आणि २,२०० हानिवा असाव्यात असा हिशोब निघाला. वरच्या टप्प्यांवरचे गोटे समोरच्या अवाजी बेटावरून होड्यांतून आणलेले होते. माथ्यावर उभं राहिलं की आकाशी सामुद्रधुनी आणि तिच्यावरचा झुलता पूल समोर दिसतो. टेकडी इथेच का रचली ते तेव्हा आपोआप समजतं. या अरुंद सामुद्रधुनीतून जाणाऱ्या प्रत्येक नावेला ती दिसत असणार.

इथे घाई करू नका, तासभर द्या. पुढच्या चौकोनी भागावर चढा, मधल्या सखल कमरेवर उतरा आणि तिथे थांबून मागच्या गोल भागाकडे पाहा. हा उंचीतला फरक, ही कमरेची घळ, टप्प्यांच्या कडांची रेघ, एवढं डोळ्यांत बसलं की दाइसेनची झाडी वाचता येते. झाडांच्या शेंड्यांची रेषा कुठे वर जाते, कुठे खाली येते, यावरून आतला आकार कळू लागतो.

मुक्काम क्योतोकडे असेल तर गोशिकिझुकाऐवजी ताकात्सुकी शहरातला इमाशिरोझुका घ्या. जेआर ताकात्सुकी स्थानकाच्या उत्तर बाजूने शहर बस मिळते. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ही टेकडी खंदकांसकट सुमारे ३५० मीटर लांब आहे आणि बहुसंख्य संशोधकांच्या मते सम्राट केइताइची खरी समाधी हीच. सरकारदरबारी मात्र केइताइची समाधी म्हणून शेजारच्या इबाराकी शहरातली दुसरीच टेकडी ठरलेली आहे. त्या जुन्या नोंदीमुळेच इमाशिरोझुका शाही बंधनांतून सुटला, खणता आला आणि २०११ पासून बाग म्हणून सगळ्यांना खुला झाला. बांधावर पुरोहित स्त्रिया, मल्ल, घोडे, घरं यांच्या सुमारे दोनशे हानिवा-प्रतिकृती मूळ जागी, मूळ क्रमाने मांडल्या आहेत. अंत्यविधीची अख्खी मांडणी अशी उघड्यावर बघायला मिळणारी जागा दुर्मीळच. टेकडीचा आकार थोडा ढासळलेला दिसेल, तो १५९६ च्या फुशिमी भूकंपाचा परिणाम. लगतच्या संग्रहालयात शवपेटिकांचे तुकडे आहेत, तीन वेगवेगळ्या खाणींच्या दगडांचे. त्यातला गुलाबी दगड थेट क्यूशू बेटावरच्या आसो ज्वालामुखीच्या परिसरातला आहे. तो समुद्रमार्गे आणायला किती माणसं आणि होड्या लागल्या असतील याचा विचार केला की सत्ता म्हणजे काय ते दिसतं.

आता दाइसेन. ओसाकातल्या तेन्नोजी स्थानकावरून जेआर हानवा मार्गाने मोझु स्थानक. इथे जलद गाड्या थांबत नाहीत, लोकल पकडा.

टेकडीची प्रचलित लांबी ४८६ मीटर. गाळाखाली आणि पाण्याखाली गेलेला पायथा धरून केलेल्या नव्या मोजणीत ती सुमारे ५२५ मीटर भरली. गोल भागाची उंची जवळपास ३६ मीटर, भोवती तीन खंदक. काळ पाचव्या शतकाचा मध्य. ओबायाशी या बांधकाम कंपनीने १९८५ मध्ये जुन्या पद्धतीने बांधायचं तर काय लागेल याचा हिशोब मांडला होता: दिवसाला जास्तीत जास्त २,००० माणसं आणि १५ वर्षं ८ महिने. माती सुमारे १४ लाख घनमीटर.

आत जाता येत नाही, कोणाही पर्यटकाला नाही. ही सम्राट निन्तोकुची समाधी मानली जाते आणि तिची देखभाल जपानचं शाही गृहखातं करतं. त्यांच्या लेखी हे पुरातत्त्वीय स्थळ नसून राजघराण्याच्या पूर्वजाचं थडगं आहे आणि तिथे आजही विधी होतात. संशोधकांनासुद्धा अशा समाध्यांवर मोजक्या वेळा, ठरावीक भागापुरतंच जाऊ देतात. २०१८ मध्ये खात्याने पहिल्यांदाच साकाई महापालिकेला सोबत घेऊन इथे खोदकाम केलं, तेही टेकडीवर नव्हे, खंदकाच्या बांधावर. त्यात गोट्यांची फरसबंदी आणि हानिवांची ओळ सापडली.

कोणती समाधी कोणाची हे मुख्यतः जुन्या ग्रंथांतल्या उल्लेखांवरून ठरवलेलं आहे आणि पुरातत्त्वाशी ते दर वेळी जुळत नाही. दक्षिणेची ३६५ मीटरची कामिइशिझु मिसान्झाइ टेकडी निन्तोकुच्या मुलाची, रिच्यूची समाधी म्हणून नोंदलेली आहे, पण बांधणी आणि हानिवा पाहता ती बापाच्या टेकडीपेक्षा आधीची निघते. म्हणूनच अभ्यासक सम्राटाचं नाव न घेता ‘दाइसेन कोफुन’ म्हणतात. फलकांवर दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

मोझु स्थानकातून बाहेर पडलं की लगेच ओसामेझुका नावाची छोटी टेकडी लागते. मोठ्या समाधीभोवती अशा लहान टेकड्या असतात, त्यांतली ही एक. तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाऊ नका, कारण घरांच्या दाटीत दीड हजार वर्षांची माती कशी तगून राहते ते इथे हाताच्या अंतरावर दिसतं. तिथून पाच-सात मिनिटांवर दक्षिण बाजूला दाइसेनचं पूजास्थान आहे. पांढरी खडी, दगडी कुंपण, तोरी कमान आणि एक लाकडी फलक. फलकावर तीन नियम: विनाकारण आत शिरू नये, मासे-पक्षी धरू नयेत, बांबू-झाडं तोडू नयेत. इथे लोक मान लववून नमस्कार करतात, तुम्हीही करा. फोटोला हरकत नाही. कुंपणावर चढणं, तिथे डबा उघडून बसणं आणि ड्रोन मात्र अजिबात नको.

पूजास्थानासमोर जी झाडी दिसते ती बहुतांश मधल्या बांधावरची असते. खरी टेकडी तिच्याही पलीकडच्या पाण्यामागे आहे. हे माहीत नसल्यामुळे ‘एवढीच का?’ असं वाटतं.

टेकडीभोवतीची फेरी सुमारे २.८ किलोमीटरची, तासाभराची. माझं मत विचाराल तर पूर्ण फेरी मारू नका. बराच भाग घरं, कुंपण आणि रहदारीच्या रस्त्याने जातो. तोच वेळ दक्षिणेकडे द्या. पूजास्थानासमोरच्या दाइसेन उद्यानातलं साकाई शहर संग्रहालय बघा. १८७२ मध्ये पुढच्या भागाचा उतार खचला आणि दगडी कक्ष, लांबट पेटीच्या आकाराची दगडी शवपेटिका आणि चिलखत उघडं पडलं होतं. ते पुन्हा पुरलं, पण तेव्हा काढलेली चित्रं उरली. त्यांवरून केलेली शवपेटिकेची आणि चिलखताची प्रतिकृती या संग्रहालयात आहे. आत काय आहे याची कल्पना त्यांवरून येते. संग्रहालय सोमवारी बंद असतं; सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर कधी उघडं आहे ते आधी बघून जा.

मग उद्यानातून दक्षिण टोकाला रिच्यूच्या टेकडीपाशी या. तिथे खंदकालगत पाहण्यासाठी जागा केलेली आहे. इथे मध्ये दुसरा बांध नाही. पाणी आणि त्यापलीकडे थेट टेकडी. सकाळी पाहिलेली कमरेची घळ झाडांच्या शेंड्यांत शोधायला ही जागा दाइसेनपेक्षा चांगली आहे.

परतताना इतासुके कोफुनवरून या. १४६ मीटरची ही टेकडी १९५५ च्या सुमारास घरबांधणीसाठी सपाट होणार होती. माती नेण्यासाठी खंदकावर पूलही घातला गेला होता. नागरिकांनी चळवळ करून ती वाचवली. त्या पुलाचे मोडके खांब अजून पाण्यात उभे आहेत आणि त्यांवर तानुकी, म्हणजे जपानी रॅकून कुत्री, ऊन खात बसलेली दिसतात. कोफुन टिकतात ते कोणीतरी वाचवले म्हणून, हे सांगणारी याहून चांगली जागा या भागात नाही. मोझु आणि फुरुइची या भागांतल्या ४९ टेकड्या २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या, त्यामागे अशाच माणसांचे कष्ट आहेत.

उंचावरून बघायचं असेल तर नानकाई कोया मार्गावरच्या साकाईहिगाशी स्थानकाजवळ महापालिकेच्या इमारतीत २१ व्या मजल्यावर मोफत निरीक्षणदालन आहे. पण अपेक्षा बेताची ठेवा. सुमारे ८० मीटर उंचीवरूनही किल्लीचा आकार दिसत नाही, शहरात पसरलेलं एक लांबलचक हिरवं बेट दिसतं. तो प्रसिद्ध आकार दिसायला याहून बराच उंच जावं लागतं. दालनाचा खरा उपयोग आवाका कळण्यासाठी: भोवतालच्या घरांशी तुलना केली की टेकडी किती प्रचंड आहे ते पटतं.

दुसरा दिवस नारा प्रांतातल्या आसुका गावासाठी. आत शिरता येणारे कक्ष तिथे आहेत आणि त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात कक्ष टेकडीच्या माथ्यावरून खाली खोदून रचत आणि वरून कायमचा बुजवत. त्यात शिरायला वाटच नसते. पुढे बाजूने बोळ असलेला आडवा कक्ष रूढ झाला, म्हणजे दार उघडून घरातल्या दुसऱ्या माणसालाही तिथेच ठेवता येई. त्यामुळे साधा नियम लक्षात ठेवा: सहाव्या-सातव्या शतकातली टेकडी असेल तर आत जायला मिळण्याची शक्यता, चौथ्या-पाचव्यातली असेल तर बाहेरूनच दर्शन.

ओसाका-आबेनोबाशी स्थानकावरून किन्तेत्सु रेल्वेने आसुकाला पाऊण तासाच्या आसपास. ही जेआर नव्हे, जेआर पास इथे चालत नाही. पास घेऊन फाटकापाशी अडलेले प्रवासी नेहमी दिसतात. वाहतुकीचं प्रीपेड कार्ड चालतं. स्थानकासमोर भाड्याची सायकल मिळते, तीच घ्या. ठिकाणं विखुरलेली आहेत, रस्ते थोडे चढउताराचे आहेत आणि बसला बराच वेळ थांबावं लागतं.

सायकल घेण्याआधी पायीच इवायायामा बघून या. स्थानकापासून पाचेक मिनिटांवर, घरांच्या मागे. फलक लहान असल्यामुळे बहुतेक जण ओलांडून जातात. सातव्या शतकातला हा कक्ष ग्रॅनाइटचे दगड घासून, कोन साधून रचलेला आहे. बोळासकट लांबी सुमारे १७ मीटर. विजेरी भिंतीला टेकवून तिरकी धरा, मग दगडांचे पृष्ठभाग किती सपाट आहेत ते दिसतं. वरचे थर आत झुकवलेले आहेत, त्यामुळे छताच्या दगडाला कमी रुंदी झाकावी लागते. बाहेर पडताना बोळाच्या तोंडाशी छताच्या दगडावर खालच्या बाजूने बघा: आडवी खाच कोरलेली आहे. पावसाचं पाणी दगडाच्या पोटाला चिकटून आत ओघळत जातं, ते खाचेपाशी तुटून खाली ठिबकावं म्हणून. आपल्याकडे छज्जाच्या खालून जी पाणपट्टी काढतात तिचं काम हेच. प्रवेश मोफत, पहारा नाही. त्यामुळे भिंतीला हात न लावणं ही आपलीच जबाबदारी.

इशिबुताई ही आसुकातली सर्वांत प्रसिद्ध जागा. सातव्या शतकाच्या सुरुवातीची, सोगा नो उमाको या तेव्हाच्या बलाढ्य सरदाराची समाधी मानली जाणारी. वरची माती कधीच गेली आणि दगडी कक्ष उघडा पडला. कक्ष ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, ४.७ मीटर उंच. छताच्या मोठ्या दगडाचं वजन अंदाजे ७७ टन. तिकीट काढून आत उतरता येतं. आत गेल्यावर सगळे वर बघतात. तुम्ही खालीही बघा: जमिनीत पाणी निघून जाण्यासाठी चर काढलेले आहेत. शवपेटिकेला ओल लागू नये याची काळजी या लोकांनी किती घेतली होती, ते अशा चरांतून आणि खाचांतूनच समजतं. वाटेत ‘ओनि नो सेत्चिन’ आणि ‘ओनि नो मानाइता’, म्हणजे राक्षसाचा संडास आणि राक्षसाची भाजी-मांस चिरायची फळी, हे दोन विचित्र दगड लागतात. एकाच दफनकक्षाचं झाकण आणि तळ वेगळे होऊन पडले आहेत. झाकण घरंगळत खाली गेलं, तळ वर राहिला.

चित्रं बघायची असतील तर ताकामात्सुझुका आणि कितोरा. १९७२ मध्ये ताकामात्सुझुकाच्या लहानशा कक्षात रंगीत भित्तिचित्रं सापडली आणि सगळा जपान हलला. पण कक्ष उघडल्यावर तापमान-आर्द्रतेचा तोल गेला, बुरशी वाढली, आणि शेवटी २००७ मध्ये कक्षाचे दगड एकेक करून सुटे काढून प्रयोगशाळेत न्यावे लागले. अजिंठ्याची चित्रं बघताना गर्दीच्या श्वासाची चिंता ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे लगेच कळेल. आज टेकडीपाशी शेजारच्या दालनात प्रतिकृती दिसतात. कितोराची चार दिशांच्या देवतांची चित्रं आणि छतावरचा ताऱ्यांचा नकाशा भिंतीवरून सोडवून जपून ठेवला आहे. टेकडीलगतच्या संग्रहालयात मूळ चित्रं वर्षातून काही ठरावीक मुदतींतच दाखवतात आणि त्यासाठी आधी नोंदणी लागते. तारखा जुळत असतील तर बाकीचा दिवस त्याभोवती बसवा.

आता साहित्य आणि अडचणी. विजेरी हवीच, मोबाइलचा दिवा मोठ्या कक्षात पुरत नाही. बोळ बुटके असतात. डोकं आपटतं ते बहुतेक बाहेर येताना, कारण डोळे उजेडाकडे असतात. पावसानंतर आणि दमट दिवसांत दगडांवर ओल धरते, गुळगुळीत तळाचे बूट घसरतात. कक्षाच्या छताला लांब पायांचे किडे दिसतील, ते काही करत नाहीत. काही ठिकाणी कक्षाला कुलूप असतं आणि किल्ली स्थानिक शिक्षण मंडळाच्या कार्यालयात. तिथे आधी फोन करावा लागतो आणि शनिवार-रविवारी कार्यालय बंद असतं.

डिसेंबर ते मार्च हा सर्वांत चांगला काळ. गवत बसलेलं असतं, पानं गळल्यामुळे उतार दिसतात, डास नसतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खंदकांजवळ डास फार, आणि झाडीच्या टेकड्यांवर उन्हाळ्याच्या शेवटापासून शरदापर्यंत मोठ्या गांधीलमाश्यांचा धोका खरा आहे. पोळ्याचा फलक दिसला की मागे फिरा. गवतात ‘मामुशी’ हा विषारी साप असतो, म्हणून पायवाट सोडू नका. जमिनीवर खापरीचा तुकडा दिसला तर तो हानिवाचा असू शकतो. फोटो काढा, उचलू नका.

शाकाहारी असाल तर आसुकात जेवणाच्या भरवशावर जाऊ नका, दुकानं थोडी आणि लवकर बंद होणारी. भाताच्या तयार गोळ्यांतही माशाचा अर्क असतो, घटक वाचून घ्या किंवा डबा सोबत ठेवा.

मुक्काम तोक्योत असेल आणि ओसाकाला जाणं जमत नसेल, तर साइतामा प्रांतातल्या ग्योदा शहराची साकितामा टेकड्यांची बाग एका दिवसात होते. तिथल्या इनारियामा टेकडीवर चढता येतं. तिथे १९६८ मध्ये मिळालेल्या लोखंडी तलवारीवर १९७८ मध्ये क्ष-किरणांनी सोन्याची ११५ अक्षरं सापडली. त्यातलं वर्ष ४७१ मानलं जातं. ती तलवार त्याच बागेतल्या संग्रहालयात आहे. शेजारच्या शोगुनयामा टेकडीच्या पोटात प्रदर्शनदालन केलं आहे, तिथे कक्षाची रचना आतून बघता येते. स्थानकापासून बाग लांब आहे आणि बस कमी आहेत, तेव्हा परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर थांब्यावर टिपून घ्या.